साळवे सरांनी मागितलेली दहा मिनिटं

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. त्यांना सांगायचं म्हणून दोनदा घरातून निघालो. एकदा नगरच्या स्टँडवरून परत फिरलो. दुसऱ्यांदा पार श्रीगोंद्यापर्यंत पोचलो, स्टँडवर चहा घेतला, आणि पुढच्या गाडीनं माघारी आलो. घरी सांगितलं — काम होतं, झालं.

तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात. पण आज लिहायचंच, असं ठरवून बसलोय.

गावात माझी ख्याती आहे, की हा माणूस तोंडावर बोलतो. पोरांना सांगतो — चुकलास तर चुकलो म्हण, पुढं चल. माझ्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. मी बी.एस्सी. झालो तेव्हा चुलत बहिणीच्या लग्नपत्रिकेत नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, निमंत्रकांच्या यादीत माझ्या नावापुढं 'बी.एस्सी.' छापायला लावलं. लग्न तिचं, पदवी माझी! मला लाज वाटली नाही. खरं सांगू? ती पत्रिका अजून माझ्या कपाटात आहे. शिकलेला माणूस म्हणजे खरं बोलणारा माणूस, असं आमचे दादा मानायचे. दादा म्हणजे वडील. ते अजूनही तसंच मानतात. माझ्याकडं बघून मानतात.

म्हणून आधी साळवे सरांबद्दल सांगतो. ते सांगितल्याशिवाय माझं सांगणं कळायचं नाही.

सर आमच्या गावच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायला आले तेव्हा मी कॉलेजात होतो. कोल्हारच्या वरच्या अंगाला, प्रवरेच्या काठावरचं आमचं गाव. सर श्रीगोंदा तालुक्यातले, बौद्ध घरातले, पोस्टाशेजारच्या खोलीत एकटे राहायचे. पहिल्यांदा दिसले ते नदीच्या वाळूत कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडून उभे. आमचे रंगनाथ आबा बैल घेऊन चालले होते, ते जागीच थांबले. त्यांना वाटलं सरकारी मोजणी आली. "कुनाचा बांध मोजताय, मास्तर?" तर सर म्हणाले, "बांध न्हाई आबा, मृग नक्षत्र मोजतोय." आबांनी मान हलवली आणि जाता जाता मला म्हणाले, "ह्याला जरा धर, पडंल पान्यात."

मी गेलो, आणि मग दोन-तीन वर्षं तिथून हललोच नाही.

सरांकडं एक जुना रशियन कॅमेरा होता. हातोड्यासारखा जड. त्याला केबल लावून शटर उघडं ठेवता यायचं. किती वेळ उघडं ठेवायचं, यावर सगळं. जास्त ठेवलं तर ताऱ्याचा ठिपका राहत नाही, रेघ होते, कारण पृथ्वी फिरते — हे मी पुस्तकात शिकलो होतो, पण पृथ्वी फिरताना मी पहिल्यांदा पाहिली ती सरांच्या फोटोत. सर घड्याळ वापरत नसत. अंधारात काटे दिसत नाहीत, आणि बॅटरी लावली की डोळे बिघडतात. ते बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणायचे. सावकाश, पूर्ण, एकदा. त्यांच्या चालीत अर्धा मिनिट बरोबर भरायचा. मीही तसंच शिकलो. आमच्या घरी कधी कोणी ते म्हटलेलं नाही. मला ते पाठ आहे, सरांच्या लयीत. आईनं एकदा ऐकलं आणि विचारलं, "ही कुठली आरती रं?" मी म्हटलं, "फोटोची."

त्यांचं एक वाक्य होतं. आकाश सगळ्यांना सारखंच, फोटो तुझा होतो तो जमिनीमुळं. नुसते तारे कुणीही काढील; खालची चिंच तुझ्याच गावची आहे हे दिसलं पाहिजे. म्हणून आम्ही आधी दिवसा हिंडायचो. कुठं उभं राहिलं की देवळाचं शिखर मोकळं दिसतं, कुठल्या महिन्यात कुठला तारा त्याच्यावर येतो, डोहात त्याचं प्रतिबिंब कसं पडतं. एका दिवाळीच्या सुट्टीत ते मला भंडारदऱ्याला घेऊन गेले. दोन दिवस ढग होते. मी कंटाळलो, चिडलो. सर म्हणाले, "ग्रॅज्युएट, ढगांना तुझी डिग्री दाखव, बघू हटतात का." ते मला याच नावानं हाक मारायचे. कौतुकानं की टोमण्यानं, ते मला कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही. तिसऱ्या दिवशी आकाश उघडलं, आणि धरणाच्या पाण्यावर आम्ही अख्खा रोल संपवला.

तो रोल धुवून आला तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. रात्रीची निगेटिव्ह जवळजवळ कोरीच दिसते. एक फोटो कुठं संपतो नि दुसरा कुठं सुरू होतो हे लॅबमधल्या माणसाला दिसलं नव्हतं. त्यानं मधोमध कात्री चालवली होती. प्रत्येक फोटोचे दोन तुकडे. सरांनी तिथल्या तिथं नियम केला — इथून पुढं प्रत्येक रोलचा पहिला फोटो उजेडात काढायचा, माणसाचा, म्हणजे कापणाऱ्याला माप मिळेल. आणि माणूस उभा करायचाच आहे तर हातात पाटी द्यायची. पाटीवर तारीख, गाव, आणि आज काय काढणार ते. माणूस अर्थात मी. माझे असे कितीतरी फोटो आहेत, हातात पाटी धरलेले, पकडलेल्या चोरासारखे.

आता मूळ गोष्टीकडं येतो. यायलाच हवं ना?

सत्त्याण्णव साली शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, निघालं होतं, तुमच्यातल्या वयस्कांना आठवत असेल. मार्च-एप्रिलात संध्याकाळी वायव्येला रोज दिसायचं, उघड्या डोळ्यांनी, झाडूसारखं. सर वेडे झाले होते. गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर उभं राहिलं की समोर डोह, डोहापलीकडं अख्खं गाव, देवळाचं शिखर, आणि बरोबर त्यावर ते शेंडेनक्षत्र. अशी जागा दुसऱ्या कुठल्या गावाला नव्हती. अडचण एकच — गावातले दिवे. खांबावरचे मोठे दिवे, सोसायटीच्या गोडाऊनचा हॅलोजन, घरोघरचे दारातले बल्ब. फोटोत सगळा पिवळा चिखल व्हायचा.

सरांनी काय करावं? ते दारोदार गेले. हात जोडून म्हणाले, एक दिवस, संध्याकाळी आठ वाजता, फक्त दहा मिनिटं बाहेरचा दिवा घालवा. तुमच्या गावाचा फोटो होईल, असा पुन्हा होणार नाही. बायका हसल्या, पण हो म्हणाल्या. ग्रामपंचायतीत मात्र टिंगल झाली. एक सदस्य म्हणाला, "मास्तर, लोकं लाईट मागाया येत्यात. तुमी अंधार मागाया आले व्हय?" सरही हसले. पण खांबावरच्या दिव्यांना परवानगी मिळाली नाही. सर म्हणाले, बघू, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारू.

पुढच्या आठवड्यात पाडवा होता. त्यानंतर चंद्र वाढत जाणार, आकाश उजळणार, आणि ते नक्षत्र खाली जाणार. मला ते दिवस मोजून माहीत होते. परवानगी कोण देणार होतं? कोणी देणार नव्हतं. सर विचारत राहिले असते आणि शेंडेनक्षत्र मावळून गेलं असतं.

पाडव्याआधीच एके दिवशी आम्ही दिवस मावळायच्या आत नदीवर गेलो. मी पाटी धरली, सरांनी पहिला फोटो काढला. अंधार पडायला लागला तसं मी म्हटलं, बॅटरी घरी राहिली, घेऊन येतो. बॅटरी माझ्या पिशवीत होती.

वाटेवर डीपी होती. ट्रान्सफॉर्मरच्या खाली पत्र्याची पेटी, दार कायम लटकलेलं. मी तीन फ्यूज काढले. एकेक करून. पेटीच्या वर ठेवून दिले. गाव गेलं — अक्षरशः गेलं, नुसता मोठा काळा ढीग राहिला, आणि वर ते पांढरं शेपूट. मी पळत नदीवर आलो तर सर लहान पोरासारखे ओरडत होते, "लाईट गेली रे ग्रॅज्युएट! आपोआप गेली! उघड, उघड!" त्यांना वाटलं भारनियमन. मी केबल दाबली. ते त्रिसरण म्हणायला लागले. त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. तेवढ्यात सांगायला हवं होतं का? हो. मी नाही सांगितलं. मलाही आनंद झाला होता. आम्ही सात फोटो घेतले.

दहा मिनिटांनी परत जाऊन फ्यूज बसवायचे असं मी ठरवलं होतं. गेलो तर तिथं चार-पाच माणसं उभी, काड्या ओढून बघत होती. मी लांबूनच वळलो.

पेटीला हात लावायला कोणी धजेना, आणि वायरमन राहायला कोल्हारला. तो येईपर्यंत रात्र सरली. सामाईक विहिरीची मोटार त्याच डीपीवर, आणि त्या रात्री तिथं पाळी होती रंगनाथ आबांची. त्यांचे कांद्याचे डोंगळे फुलात होते, बियाणं भरायच्या दिवसांत. एक पाळी चुकली म्हणजे पुन्हा आठ दिवसांनी. एप्रिलच्या उन्हात आठ दिवस. अर्धं रान वाळलं. आबा माझ्यावर कधी रागावले नाहीत. त्यांना माहीतच नव्हतं कोणावर रागवायचं ते. गावानं सांगितलं त्यांना.

फ्यूज आपोआप पेटीवर चढून बसत नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. आणि गावात दारोदार अंधार मागत कोण फिरलं होतं? नाव घ्यायला कोणाची जीभ अडखळली नाही. बाहेरगावचा माणूस, एकटा, आणि त्यातून बौद्ध. माझं नाव घ्यायला अडखळली असती. का, ते आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

शनिवारी शाळेच्या ऑफिसात स्कूल कमिटी बसली. अध्यक्ष आमचे नाना. हेडमास्तर, वायरमन, रंगनाथ आबा, दाराशी आणखी दहा-पंधरा जण. मला बोलावून घेतलं होतं. इथं एक सांगायला हवं — मी तेव्हा नगरला बी.एड. करत होतो, आणि जूनमध्ये याच शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा निघणार होती. ती मला मिळावी म्हणून नानांनी शब्द टाकला होता. हे कारण म्हणून सांगत नाही. तुम्हाला सगळं माहीत असावं म्हणून सांगतो.

सर उभे होते. कोणी त्यांना खुर्ची दिली नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "मी नदीवरून हललो नाही. बाळासाहेब माझ्यासोबत होता. त्याला विचारा."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माझं नाव घेतलं.

नानांनी माझ्याकडं बघितलं. नाना हुशार माणूस. त्यांनी प्रश्न असा विचारला — "बाळू, तू हुतास का त्या दिवशी? का नगरला गेल्तास?" तुमच्या लक्षात येतंय ना? वाट त्यांनी दाखवली. पण चालायचं की नाही, हे माझ्या हातात होतं. मी तेवीस वर्षांचा होतो, मिशा होत्या, पदवी होती.

मी म्हणालो, "न्हाई नाना. मी नगरला गेल्तो. मुक्कामी हुतो."

हाच तो गुन्हा. फ्यूज काढणं हा आडदांडपणा होता. त्याबद्दल चार शिव्या बसल्या असत्या, आबांचे पाय धरले असते, मिटलं असतं. पण या तीन वाक्यांनी मी एका खऱ्या माणसाला सगळ्यांदेखत खोटं पाडलं.

सरांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ते मोजत होते — मी बॅटरी आणायला गेलो, लाईट गेली, मी पळत आलो. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, मला दिसलं ते. आणि आणखी एक गोष्ट त्यांना त्याच क्षणी आठवली असणार, कारण मलाही आठवली. रोल अजून कॅमेऱ्यात होता. त्याच्या पहिल्याच फोटोत मी उभा होतो, उजेडात, हातात पाटी, पाटीवर तारीख. एवढं एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. ते बोलले नाहीत.

का बोलले नाहीत? मी या प्रश्नाची शंभर उत्तरं करून बघितली. मला वाचवायला, असं म्हणावं तर मी स्वतःला फार मोठा करतो. कदाचित त्यांना माझी किळस आली असेल. कदाचित त्या खोलीत त्यांचा पुरावा कोणी पुरावा म्हणून घेणार नाही, हे त्यांना माझ्या आधी कळलं असेल. मला ठाऊक नाही.

त्यांनी लिहून दिलं — माझ्या छंदामुळं गावाला त्रास झाला, मी दिलगीर आहे. 'मी फ्यूज काढले' असं लिहा म्हणून हेडमास्तरांनी दोनदा सांगितलं. तेवढं त्यांनी लिहिलं नाही. मे महिन्यात त्यांनी अकोले तालुक्यातल्या शाळेवर बदली मागून घेतली. जायच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात आले. आत आले नाहीत. एक लिफाफा दिला आणि म्हणाले, "हे तुझ्याकडं राहू दे. माझ्याकडं नको." आत त्या रोलच्या निगेटिव्ह होत्या. सगळ्या. पहिल्यासकट. नीट कापलेल्या.

जूनमध्ये मी शाळेत लागलो. अजून तिथंच आहे. मी पोरांना नदीवर नेतो, आकाश दाखवतो, आता मोबाईलवरसुद्धा बरे फोटो येतात. जिल्ह्यातून शिक्षक बघायला येतात. माझा सत्कार झाला त्यात एका वक्त्यानं विचारलं, सर, हे तुम्ही शिकलात कुणाकडून? मी म्हणालो, आवड होती, शिकत गेलो.

आणि गावात अजून, लाईट गेली की कोणीतरी ओरडतं, "आला का रे फ्यूज मास्तर?" ज्या पोरांचा तेव्हा जन्मही नव्हता ती पोरं हे म्हणतात. त्यांना वाटतं ती नुसती म्हणायची रीत आहे. एकदा माझ्याच वर्गात, प्रोजेक्टर बंद पडल्यावर, एक पोरगी म्हणाली. सगळा वर्ग हसला. मी हसलो. मी हसलो, हेही लिहून ठेवतो.

त्याच दिवशी घरी येऊन हा कागद घेतला. आज चौथा दिवस.

सर आता निवृत्त आहेत, श्रीगोंदा तालुक्यात आपल्या गावी असतात. पत्ता मला पहिल्यापासून माहीत आहे. हे लिहून झालं की आधी दादांना वाचून दाखवणार. त्यांना ऐकायला कमी येतं, मोठ्यानं वाचावं लागेल. शेजारी ऐकतील, ऐकू देत. मग रंगनाथ आबांच्या मुलाला त्याच्या शेतात जाऊन सांगणार, कारण आबा गेले. शुक्रवारी बाजारच्या दिवशी याची एक नक्कल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणार, खाली माझं पूर्ण नाव, पदवीसकट. सोमवारी तोच वर्ग आहे, तिथं उभा राहून सांगणार.

आणि एक नक्कल सरांना. पोस्टानं पाठवणार नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं जाणार, आणि या वेळी श्रीगोंद्यात चहाला उतरणार नाही. त्यांनी दार उघडलं तर कागद हातात देईन, नाही उघडलं तर उंबऱ्यावर ठेवीन. वाचा म्हणणार नाही. माफ करा म्हणणार नाही. देऊन मागं फिरेन.